परिशिष्टातला गणपती: महाभारताची चिकित्सित आवृत्ती म्हणजे नेमकं काय?

व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो. गणपतीची अट, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट, अर्थ कळल्याशिवाय अक्षर उमटवायचं नाही. पुढे स्वयंवरात कर्ण धनुष्याला हात घालतो आणि द्रौपदी भरसभेत म्हणते, सूताला मी वरणार नाही. सुभद्रेच्या पोटातला अभिमन्यू चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकतो, पण बाहेर पडण्याचा भाग येईपर्यंत आईचा डोळा लागलेला असतो. वनवासात दुर्वास शिष्यांचा तांडा घेऊन येतात, द्रौपदीची थाळी घासून पालथी घातलेली असते, आणि कृष्ण तिच्या कडेला चिकटलेलं भाजीचं पान तोंडात टाकतो.

हे चार प्रसंग कुणी आपल्याला शिकवले नाहीत. ते कीर्तनातून, आजीकडून, टीव्हीवरून आपोआप अंगात मुरले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तयार केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या आवृत्तीच्या, संहितेत (मुख्य पाठात) मात्र यांतला एकही सापडत नाही.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणसं दोन टोकांना जातात. काहींना राग येतो: आमचा गणपती काढणारे हे कोण? काहींना जोर चढतो: बघा, सगळं नंतर घुसडलेलं आहे, खोटं आहे! मला दोन्ही बाजूंविषयी आस्था आहे, म्हणूनच हे लिहायला बसलो. ही आवृत्ती कशी तयार झाली हे एकदा नीट समजलं, तर राग आणि जोर दोन्ही ओसरतात आणि त्यांच्या जागी कुतूहल येतं.

महाभारत स्वतःविषयी जे सांगतं, तिथूनच सुरुवात करू. ही कथा वैशंपायनाने जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितली. तिथे ऐकलेली कथा उग्रश्रवा सौतीने नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना पुन्हा सांगितली. म्हणजे आपल्या हाती येते ती सांगितलेल्या गोष्टीची सांगितलेली गोष्ट. उपाख्यानं वगळून व्यासांनी 24,000 श्लोकांची भारतसंहिता केली, असं आदिपर्वच म्हणतं. दुसरीकडे, इसवी सन 500च्या आसपासच्या ताम्रपटांत महाभारताला ‘शतसाहस्री संहिता’, म्हणजे लाख श्लोकांचा ग्रंथ म्हटलेलं आहे. ग्रंथ वाढत गेला हे कुणी बाहेरच्या टीकाकाराने शोधून काढलेलं नाही. परंपरेला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं.

तोंडी असलेलं हे कथन पोथ्यांत उतरलं. काश्मीरमध्ये शारदा लिपीत, बंगालमध्ये बंगालीत, नेपाळमध्ये नेवारीत, तमिळ मुलखात ग्रंथ लिपीत, केरळात मलयाळममध्ये, शिवाय तेलुगूत, मैथिलीत, देवनागरीत. कुठे भूर्जपत्रावर, कुठे ताडपत्रावर, कुठे कागदावर. आपल्या हवेत पोथी फार टिकत नाही. वाळवी, ओल, कसर यांनी खाल्ली की तिची नक्कल करायची आणि जुनी पाण्यात सोडायची. म्हणून आज हाती असलेल्या बहुतेक पोथ्या गेल्या चार-पाच शतकांतल्या आहेत. मूळ ग्रंथ आणि पोथी यांच्यामध्ये हजार वर्षांहून मोठी दरी आहे, आणि त्या दरीत किती लेखनिकांचे हात लागले असतील याची गणतीच नाही.

आता अडचण लक्षात येईल. कोणतीही दोन हस्तलिखितं शब्दाला शब्द जुळत नाहीत. उत्तरेकडच्या पोथ्यांचं एक घराणं, दक्षिणेकडच्यांचं दुसरं. दक्षिणेकडचा पाठ एकंदरीत अधिक लांब आणि अधिक सजवलेला. मग महाभारत म्हणजे यांतलं नेमकं कोणतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत समजायला संस्कृत यावं लागत नाही. आपली रोजची आरती पुरते.

समजा, ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती कुठेही छापलेली उरली नाही. उरल्या त्या फक्त वीस घरांतल्या हाताने लिहिलेल्या वह्या. बारा वह्यांत ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’ असं आहे, आठांत ‘फणिवरबंधना’. खरा पाठ कोणता? बारा विरुद्ध आठ असं मतदान घेऊन चालत नाही. फणिवरबंधन म्हणजे ज्याने कमरेला नाग बांधला आहे तो. शब्द अवघड आहे. लहानपणी कानावर पडतो तेव्हा कळत नाही, म्हणून तोंडात कळणारा शब्द येतो: फळीवर. देव फळीवर ठेवलेला असतो, त्याला वंदन, अर्थ लागला. अवघडाचं सोपं होणं स्वाभाविक आहे. ‘फळीवर वंदना’ असं साधं लिहिलेलं असताना कुणी आपण होऊन ‘फणिवरबंधना’ करील हे संभवत नाही. म्हणून अवघड पाठ जुना. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ होतं तेही याच वाटेने. संकष्टीचा उपास घराघरांत ओळखीचा, म्हणून जीभ तिकडे वळते.

दुसरी गोष्ट. त्या बारा वह्या चौकशीअंती एकाच मावशीच्या वहीवरून उतरवलेल्या निघाल्या, तर त्या बारा साक्षी नव्हेत, एकच साक्ष. वह्या मोजायच्या नाहीत, घराणी मोजायची.

तिसरी. नागपूरच्या एका घराची आणि बेळगावच्या एका घराची एकमेकांशी कधी ओळखदेख नाही, तरी दोन्हीकडे एक ओळ अगदी सारखी आहे. मग ती ओळ दोघांच्याही आधीची असणार.

आणि चौथी. एका घरात आरतीच्या शेवटी कुलदेवतेचं एक कडवं आहे, बाकी एकोणीस घरांत नाही. ते सगळीकडे होतं आणि एकोणिसांनी वेगवेगळं विसरून टाकलं, असं मानायचं की एका घराने जोडलं असं मानायचं? माणसं देवाच्या बाबतीत भर घालतात, सहसा कमी करत नाहीत.

एवढ्या चार सूत्रांवर महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा सांगाडा उभा आहे. नागपूरच्या जागी काश्मीर घाला, बेळगावच्या जागी केरळ. शारदा लिपी काश्मीरबाहेर फारशा कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून तिथला पाठ बंदिस्त राहिला. मलयाळम लिपीतल्या पोथ्यांचंही काहीसं तसंच. देशाच्या दोन टोकांच्या, एकमेकींना न भेटलेल्या या पोथ्या जिथे एकच बोलतात, तिथे पाय ठेवायला घट्ट जमीन मिळते.

देवनागरी पोथ्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे आपला एक माणूस भेटतो. नीलकंठ चतुर्धर हे मूळचे गोदावरीकाठच्या कोपरगावचे, सतराव्या शतकात काशीला जाऊन राहिलेले. महाभारतावरची त्यांची ‘भारतभावदीप’ ही टीका, म्हणजे श्लोकांचा अर्थ उलगडणारं भाष्य, देशभर चालली आणि तिच्यासोबत त्यांनी धरलेला पाठही. सुरुवातीलाच ते सांगतात: ‘बहून् समाहृत्य विभिन्नदेश्यान् कोशान् विनिश्चित्य च पाठमग्र्यम्’. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या पुष्कळ पोथ्या गोळा केल्या आणि उत्तम पाठ ठरवला. म्हणजे संपादनच, पण त्यांचा हेतू निराळा होता. जिथे जे चांगलं मिळालं ते हातातून जाऊ द्यायचं नाही. सगळ्या प्रांतांचे यात्रेकरू आणि पंडित जिथे येतात त्या काशीत बसून हे करणं सोपंही होतं. पुढे 1862-63मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून नीलकंठी टीकेसह महाभारत निघालं आणि घरोघरी माहीत असलेलं महाभारत बहुतांशी हेच झालं.

या मिसळणीमुळेच संपादकाची खरी परीक्षा होते. पुन्हा आरतीच्या वहीकडे वळू. सून लग्न होऊन येते, सासरच्या वहीत माहेरचं एक कडवं दिसत नाही, म्हणून ती ते समासात लिहून ठेवते. तिची मुलगी वही उतरवून घेते तेव्हा समासातलं कडवं मधे येऊन बसतं. आता ही वही कोणत्या घराण्याची, सासरची की माहेरची? महाभारताच्या शेकडो पोथ्यांत हे शतकानुशतकं झालेलं आहे. त्यामुळे पोथ्यांची स्वच्छ वंशावळ काढताच येत नाही. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

हे काम व्हायला हवं, ही मागणी मोरित्स विंटरनित्स या विद्वानाने 1897मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली. युरोपात थोडी सुरुवातही झाली. जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी 1908मध्ये काही श्लोकांचा नमुना छापून दाखवला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि ते सगळं तिथेच थांबलं. दरम्यान पुण्यात 6 जुलै 1917 रोजी भांडारकर संस्था उभी राहिली. औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी एक लाख रुपये देण्याचं वचन दिलं. ते स्वतः चित्रकार होते, त्यामुळे आवृत्तीसाठी चित्रंही त्यांनीच काढली. 1 एप्रिल 1919 रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाला आरंभ झाला. ना. बा. उटगीकर यांनी 1923मध्ये विराटपर्वाची कच्ची आवृत्ती काढली, देशोदेशीच्या विद्वानांना पाठवली आणि त्यांची मतं मागवली. 1925पासून प्रमुख संपादक झाले विष्णु सीताराम सुकथनकर.

सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले. पुढे बर्लिनला ल्यूडर्स यांच्याच हाताखाली संस्कृत ग्रंथांच्या संपादनाची शिस्त शिकले. त्यांनी आदिपर्वाला लिहिलेली प्रस्तावना वाचताना हा गणिती जागोजागी जाणवतो. काहीही मोघम नाही. कुठल्या पोथीवर किती भरवसा ठेवला आणि का, हे सगळं उघड मांडलेलं.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं? प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला मोठा कागद. वरच्या ओळीत प्रमाण धरलेला नीलकंठी पाठ, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. पोथी वाचणारा वाचतो, जिथे अक्षर वेगळं येईल तेवढंच त्या चौकटीत भरलं जातं. बाकीच्या चौकटी मोकळ्या. कागद भरला की नजर वरून खाली फिरवायची आणि कोणती पोथी कुणाच्या बाजूने बोलते ते पाहायचं. सगळ्या लिप्या पुण्यात वाचून होणं शक्य नव्हतं, म्हणून बंगाली पोथ्या शांतिनिकेतनात आणि दक्षिणेकडच्या तंजावरला ताडून पाहण्याची केंद्रं होती. आदिपर्वासाठी निवडून घेतलेल्या पोथ्याच 60. संपूर्ण महाभारतासाठी हाताळलेली हस्तलिखितं 1,259. हे सगळं हाताने, शाईने, संगणकाचं नावही नसलेल्या काळात. त्या कागदांवर आयुष्य घालवलेल्या शास्त्र्यांची नावं आज कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

छापलेल्या पानाची रचना समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. वर मोठ्या टाइपात संहिता, म्हणजे जास्तीत जास्त स्वतंत्र घराण्यांनी दुजोरा दिलेला पाठ. संपादकाची खात्री कमी असेल त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. तिच्या खाली पाठभेद, कोणत्या पोथीत काय आहे ते. काही पोथ्यांतच आढळणारे जादा श्लोक तिथेच, पानाच्या खालच्या भागात, तारांकित क्रमांक देऊन पूर्ण छापलेले. लांबलचक जादा प्रसंग शेवटच्या परिशिष्टात. गणपतीचा प्रसंग आदिपर्वाच्या परिशिष्टात अगदी पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणजे काढून टाकलेलं काहीच नाही. जे वरून उतरवलं ते खाली मांडलं, आणि ते कोणकोणत्या पोथ्यांत मिळतं याची नोंदही केली. एक ओळसुद्धा गिळलेली नाही.

गणपतीच्या त्या प्रसंगासोबत आणखी एक गोष्ट परिशिष्टात गेली. मूळ ‘जय’ हा ग्रंथ 8,800 श्लोकांचा होता, असं विधान अनेक पुस्तकांत दिसतं. त्याचा आधार असलेला श्लोक याच प्रसंगातला आहे. आणि तो ‘जय’ ग्रंथाच्या आकाराविषयी नाहीच. गणपतीला विचार करायला लावण्यासाठी व्यासांनी मधेमधे पेरलेल्या कूट, म्हणजे कोड्यासारख्या, श्लोकांची ती संख्या आहे: ते मला कळतात, शुकाला कळतात, संजयाला कळतात की नाही कोण जाणे. ‘जय’ हे नाव संहितेत आहे. 8,800 श्लोकांचा ‘जय’ ही आपली समजूत.

अभिमन्यूचं उदाहरणही असंच बोलकं आहे. द्रोणपर्वात तो युधिष्ठिराला स्वतः सांगतो की हा व्यूह फोडायची युक्ती वडिलांनी मला शिकवली आहे, पण संकट आलं तर त्यातून बाहेर पडणं मला जमणार नाही. एवढंच. गर्भ नाही, झोप नाही. मला विचाराल तर ही साधी ओळ जास्त काळीज चिरते. आपल्याला काय येत नाही हे ठाऊक असलेला सोळा वर्षांचा मुलगा आत शिरतो. पण गर्भातल्या अभिमन्यूची गोष्ट ज्यांनी रचली, त्यांनाही हीच ओळ टोचली असणार: बापाने अर्धंच का शिकवलं? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ती कथा जन्मली. नंतरची भर पुष्कळदा अशी असते. आधीच्या वाचकाने मूळ ग्रंथाला विचारलेला प्रश्न तिच्यात जपून राहिलेला असतो.

या रीतीवर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर नेपाळमधून आलं. आदिपर्वाचं काम 1933मध्ये पुरं झालं. त्यानंतर काही वर्षांनी नेपाळमधली आदिपर्वाची एक पोथी सुकथनकरांच्या हाती आली, तोवर ठाऊक असलेल्या सगळ्यांहून जुनी. ज्या भरी त्यांनी तर्काने बाजूला काढल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी या पोथीत मुळातच नव्हत्या, आणि थोड्याशा आधारावर त्यांनी स्वीकारलेले कित्येक पाठ तिच्यात जसेच्या तसे होते. न पाहिलेल्या पोथीविषयी केलेलं अनुमान असं खरं ठरलेलं पाहणं संपादकाच्या आयुष्यात क्वचितच येतं. 21 जानेवारी 1943 रोजी सुकथनकर गेले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली. वेगवेगळी पर्वं वेगवेगळ्या विद्वानांनी संपादित केली. सभापर्व तर फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने. 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. 47 वर्षं आणि 19 खंड.

मग हे व्यासांचं मूळ महाभारत का? नाही. सुकथनकरांनी तसा दावा कधी केला नाही. हाती असलेल्या पोथ्यांच्या आधाराने जितकं मागे जाता येतं, तिथवरचा हा पाठ आहे. त्याच्याही आधी शेकडो वर्षं ही कथा सांगितली जात होती आणि तिथे कोणतीच पोथी आपल्याला नेत नाही. आक्षेपही घेतले गेले. फ्रेंच पंडित सिल्व्हें लेव्ही यांचं म्हणणं होतं की नीलकंठी पाठच छापा आणि खाली पाठभेद द्या. चिकित्सित संहिता ज्या रूपात आहे, नेमक्या त्या रूपात ती कोणत्याच पोथीत नाही, हे तर खरंच आहे. ती अनेक साक्षींवरून काढलेला निष्कर्ष आहे. मला आक्षेप पटतो, आणि तरीही आवृत्तीची बाजू घ्यावीशी वाटते, कारण तिने आक्षेप घ्यायला लागणारा सगळा पुरावा स्वतःच छापून ठेवला.

सगळ्यात नाजूक जागा सभापर्वात आहे. आपल्याला माहीत असलेल्या कथेत दुःशासन वस्त्र ओढू लागतो, द्रौपदी ‘गोविन्द द्वारकावासिन्’ असा धावा करते आणि कृष्ण वस्त्रं पुरवतो. एजर्टनने पोथ्या ताडल्या तेव्हा दिसलं की हा धावा सगळीकडे नाही, आणि जिथे आहे तिथेही त्याचं रूप वेगवेगळं. तो तारांकित होऊन खाली गेला. संहितेत उरलं ते असं:

‘आकृष्यमाणे वसने द्रौपद्यास्तु विशां पते।
तद्रूपमपरं वस्त्रं प्रादुरासीदनेकशः॥’

वस्त्र ओढलं जात असताना तसंच दुसरं वस्त्र प्रकट होत राहिलं, पुन्हा पुन्हा. कुणी दिलं ते सांगितलेलंच नाही. अनेकांनी यावरून निकाल लावून टाकला की कृष्णाचा या प्रसंगाशी संबंध नाही, तो भक्तांनी नंतर जोडला.

पण उद्योगपर्व उघडा. तेही याच आवृत्तीतलं, याच कसोट्यांवर घासलेलं, सुशीलकुमार दे यांनी संपादित केलेलं. युद्धाच्या उंबरठ्यावर कृष्ण संजयाजवळ निरोप देतो, आणि त्यात हा श्लोक येतो. वर, संहितेत:

‘ऋणमेतत्प्रवृद्धं मे हृदयान्नापसर्पति।
यद्गोविन्देति चुक्रोश कृष्णा मां दूरवासिनम्॥’

मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंदा’ म्हणून मला हाक मारली. ते ऋण वाढतच गेलं आहे, माझ्या मनातून ते जात नाही.

म्हणजे सभापर्वात जी हाक पानाच्या तळाशी गेली, तिची आठवण उद्योगपर्वात वरच्या ओळीत शाबूत आहे. तिने हाक मारली होती. पण इथे कृष्ण वस्त्र पुरवल्याचं म्हणत नाही. तो म्हणतो, ऋण राहिलं. पुढे कुणाला तरी हे ऋण असह्य झालं असेल आणि त्याने सभापर्वात धावा लिहून ते तिथल्या तिथे फेडून टाकलं असेल, असं मला वाटतं. किंवा धावा जुना असेल आणि काही घराण्यांतून गळून गेला असेल. दोन्ही बाजूंनी अभ्यासक आजही भांडतात. संहिता आता इंटरनेटवर देवनागरीत मोफत मिळते. तारांकित श्लोक मात्र छापील खंडात पाहावेत. सभापर्वाच्या त्या पानावर वरचा वस्त्राचा श्लोक आणि खालच्या टीपेतला धावा एकाच नजरेत मावतात.